लेआउटच्या दारात आलेले कोल्हे: भीती किती, काळजी कोणती आणि करायचे काय?

दाभा_रहिवासी (धागाकर्ता)

आमचा लेआउट (प्लॉट पाडून वसलेली वस्ती) नागपुरात दाभ्याच्या पुढे, गोरेवाड्याच्या जंगलाच्या अंगाला आहे. येथे प्लॉट पाडले गेले तेव्हा भोवताली झुडपी जंगल, पळस, बोरी आणि पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारा एक नाला एवढेच होते. कोल्हेकुई तेव्हाही रोज संध्याकाळी ऐकू येत असे; परंतु कोल्हा दिसलाच तर तो लांबवर, पाठ फिरवून झुडपात शिरताना दिसे. गेल्या वर्षभरात मात्र त्याचे वागणे पालटले आहे. आता अंधार पडला की कोल्ह्यांची एक जोडी आमच्या मुख्य रस्त्याने, पथदिव्यांच्या उजेडात, निवांत चालत येते. मोटारसायकलचा दिवा अंगावर पडला तरी ती उधळत नाही. कडेला होते, गाडी पुढे जाऊ देते आणि पुन्हा आपल्या वाटेला लागते. मागच्या आठवड्यात त्यांपैकी एक आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीवरून आत उतरला, पोर्चमध्ये बांधलेल्या कुत्र्याच्या भांड्यातील उरलेली पोळी त्याने खाल्ली आणि फाटकाखालच्या फटीतून तो बाहेर पडला. कुत्रा भुंकत राहिला, घरची मंडळी खिडकीतून पाहत राहिली.

या प्रसंगानंतर आमच्या रहिवासी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की पिंजरा लावून दोन्ही कोल्हे पकडावेत आणि दूर जंगलात नेऊन सोडावेत. दुसऱ्या बाजूची काही कुटुंबे रोज रात्री भिंतीबाहेर पोळ्या आणि दूधभात ठेवतात, आणि मुक्या जिवाला दोन घास दिले तर बिघडले काय, असे विचारतात. मला या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात आणि तेवढ्यासाठीच हा धागा काढला आहे.

हे प्राणी जातात कुठे आणि थांबतात कुठे, हे मी काही दिवस गच्चीवरून आणि सकाळी त्यांच्या वाटेने चालून पाहिले. जोडी नाल्यावरच्या पुलियाखालून (छोट्या पुलाखालून) बाहेर पडते आणि प्रथम चौकातील चिकनच्या दुकानामागे असलेल्या रिकाम्या प्लॉटकडे जाते, कारण दिवसभराची आतडी, पिसे आणि मुंडकी तेथेच टाकली जातात. लग्नसराईत तिचा दुसरा मुक्काम जवळच्या लग्नाच्या लॉनच्या मागच्या भिंतीशी असतो, कारण पत्रावळींबरोबर उरलेले अन्न रात्री तेथे ओतले जाते. आमच्या गल्ल्या ती सर्वांत शेवटी फिरते. सकाळी एका दगडावर कोल्ह्याची वाळलेली विष्ठा सापडली. काडीने उकलून पाहिली तर बोराच्या आठळ्या, उंदराचे करडे केस, कोंबडीच्या पिसाचा देठ आणि दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा असे सारे एकत्र निघाले. रानातील आहार आणि आपला कचरा यांच्या अगदी मधोमध हा प्राणी सध्या उभा आहे. तो कोणत्या बाजूला झुकेल हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, असे माझे मत आहे.

येथे पशुवैद्यक, वनविभागात काम केलेले आणि गावाकडे कोल्ह्यांच्या सान्निध्यात वाढलेले अनेक सदस्य आहेत. त्यांनी अनुभवाने आणि माहितीने लिहावे, ही विनंती.

पशुवैद्य_पश्चिम_नागपूर

धागा योग्य वेळी आला आहे. आपल्या भागात कोल्हा आणि खोकड असे दोन प्राणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. आपण वर्णन केलेला प्राणी कोल्हाच आहे: आठ-दहा किलोंचा, पिवळसर करड्या अंगाचा, कुत्र्याएवढ्या उंचीचा. खोकड त्याच्या निम्म्यानेही नसते. दोन-तीन किलोंचा तो लाजरा जीव उघड्या माळरानावर वाळवी, किडे आणि उंदीर यांवर जगतो, आणि त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. वस्तीत धीटपणे शिरतो तो बहुतेक वेळा कोल्हाच, कारण त्याला काहीही चालते. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून आलेली आहे. काकडी, बोरे, जांभळे, खेकडे, उंदीर, मेलेली जनावरे यांपैकी जे सहज मिळेल ते तो खातो.

आता भीतीविषयी लिहितो. कोल्हा दिवसा दिसला म्हणून तो पिसाळलेला असतो, हा समज सोडून द्यावा. बिळात पिल्ले असतील तर नर आणि मादी दोघेही दिवसाढवळ्या अन्न शोधतात. माणसाला पाहून तो पळाला नाही एवढ्यावरूनही आजाराचे निदान होत नाही. माणसापासून अपाय होत नाही आणि अन्न मात्र मिळते, हे त्याला कळले आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. खरी धोक्याची, म्हणजे पिसाळण्याची (रेबीजची), लक्षणे निराळी आहेत. चालताना झोकांड्या जाणे, मागचे पाय ओढत चालणे, जबडा लोंबणे, तोंडातून सतत लाळ गळणे, दगड-लाकूड-टायर अशा निर्जीव वस्तूंना चावे घेणे आणि कोणी डिवचलेले नसताना अंगावर धावून येणे, यांपैकी काहीही दिसले तर मुलांना आणि पाळीव जनावरांना आत घ्यावे, जवळ जाऊ नये आणि वनविभागाला कळवावे. कुत्र्यांपासून येणाऱ्या डिस्टेंपर या रोगातही अशीच काही लक्षणे दिसतात आणि बाहेरून पाहून दोहोंतील फरक सांगता येत नाही. म्हणून दोन्ही वेळा सावधगिरी सारखीच ठेवावी. अंगावरचे केस गळून कातडी जाड आणि खरबरीत झालेला कोल्हा भीतिदायक दिसतो, पण तो बहुधा खरजेने आजारी असतो.

चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांतील काहीही लावू नये आणि टाकेही घाईने घालून घेऊ नयेत. त्यानंतर वेळ न दवडता मेडिकल, मेयो (नागपुरातील दोन सरकारी रुग्णालये) किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. वन्य प्राण्याचा चावा आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीत धरतात. त्यामुळे लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रोगाविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, आणि ते मिळाले की नाही हे रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारून घ्यावे. लशीची पुढची मात्रा चुकवू नये. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रुग्ण हाती लागत नाही, म्हणून येथे मी जरा कठोरपणे लिहीत आहे.

शेवटी एक गोष्ट, जी सर्वांत आधी करण्यासारखी आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सर्व रेबीज कुत्र्यांकडून येतो, आणि चिकनच्या त्या उकिरड्यावर कोल्हे आणि मोकाट कुत्रे एकाच ढिगाऱ्यावर तोंड घालतात. तेथे त्यांच्यात भांडणे होतात, चावे होतात आणि रोग इकडून तिकडे जातो. २०२४ साली मुंबईत चेंबूर परिसरात मेलेल्या कोल्ह्याला रेबीज असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले होते. तेव्हा लेआउटमधील प्रत्येक कुत्र्याचे, पाळीव असो वा रस्त्यावरचे, लसीकरण ही कोल्ह्यांच्या प्रश्नातीलच पहिली पायरी समजावी.

दोन_लेकरांची_आई

माझी मुले संध्याकाळी साडेसातला शिकवणीहून सायकलने घरी येतात आणि रस्त्यात तो नाला लागतो. आपण सर्वजण प्राण्याच्या बाजूने शांतपणे लिहीत आहात, त्याबद्दल आदर आहे. पण मला सरळ उत्तर हवे आहे. कोल्हा लहान मुलावर हल्ला करतो का? आणि मुलांना मी नेमके काय शिकवावे?

पशुवैद्य_पश्चिम_नागपूर

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. निरोगी कोल्हा मुलांना भक्ष्य समजून मागे लागत नाही. चावे होतात ते मुख्यतः पिसाळलेल्या, कोंडीत सापडलेल्या किंवा पिल्लांजवळ घेरलेल्या कोल्ह्याकडून; आणि हातातून खाणे घेण्याची सवय लागलेला कोल्हाही हाताला तोंड घालू शकतो. मुलांना सांगावे की कोल्हा दिसला तर पळू नये, दगड मारू नये, सायकल दोघांच्या मधे ठेवून मोठ्याने ओरडावे, हात उंच करावेत आणि पाठ न दाखवता मागे सरकावे. हातात खाऊ असेल तर तो दप्तरात टाकावा. पिल्लू एकटे दिसले तरी उचलू नये. त्याची आई जवळपासच असते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, चाटले किंवा खरचटले तरी मुलाने ते घरी येऊन लगेच सांगितले पाहिजे; रागावतील या भीतीने मुले लपवतात, आणि धोका तेथेच वाढतो.

थेम्सकाठचा_वैदर्भीय

मी मूळचा धंतोलीचा, सध्या दक्षिण लंडनमध्ये राहतो. शहरी प्राण्यांविषयी येथे असलेला अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. येथला प्राणी लाल खोकड, म्हणजे आपल्या खोकडाचा मोठा भाऊबंद, कोल्हा नव्हे. दोन महायुद्धांच्या दरम्यान शहराच्या कडेला बागा असलेली घरे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली आणि १९३० च्या दशकापासून हे प्राणी त्या बागांमध्ये राहू लागले. आज लंडनमध्ये त्यांची संख्या सुमारे दहा हजार असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. भर दुपारी भिंतीवर ऊन खात बसलेले खोकड मी कामावर जाताना पाहतो, आणि त्याच्याकडे वळून कोणी बघतही नाही.

पूर्वी येथल्या अनेक स्थानिक संस्था त्यांना मारण्यासाठी माणसे नेमत. १९८० च्या दशकापर्यंत बहुतेकांनी ते थांबवले, कारण एका बागेतील जोडी मारली की काही आठवड्यांत शेजारच्या हद्दीतील तरुण प्राणी त्या मोकळ्या जागेत येऊन राहत असे. खर्च चालू राहत असे आणि संख्या तेवढीच. ब्रिस्टल शहरात मात्र १९९४ मध्ये खरजेची साथ आली आणि तेथील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक खोकडे दोन वर्षांत मरून गेली. दाट संख्येने, एकाच कचऱ्यावर, एकमेकांच्या अंगाला अंग लावून जगणाऱ्या प्राण्यांत रोग कसा पसरतो, याचे ते उदाहरण येथे अजूनही देतात.

तरीही इकडचा शेजार तिकडे जसाच्या तसा नेता येणार नाही, असे मला मनापासून वाटते. येथे खोकडांना रेबीज नाही. येथे मोकाट कुत्रे नाहीत. या दोन गोष्टी नसल्यामुळेच लोक दाराशी बसलेल्या खोकडाला हाताने सॉसेज भरवण्याइतके निर्धास्त आहेत, आणि तसे असूनही २०१० मध्ये हॅकनी येथे पाळण्यातील जुळ्या मुलींना आणि २०१३ मध्ये ब्रॉम्ली येथे तान्ह्या बाळाला घरात शिरलेल्या खोकडाने जखमी केले होते. अशा घटना फार विरळ आहेत. परंतु त्यांतून घ्यायचे ते एवढेच की उन्हाळ्याच्या रात्री बाळ झोपलेल्या खोलीचे बागेकडचे दार उघडे ठेवू नये. युरोपात स्वित्झर्लंडने १९७८ पासून कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती जंगलात टाकली आणि पुढे खोकडांमधील रेबीज संपवला. त्यानंतरच झुरिकसारख्या शहरांना खोकडांबरोबर निश्चिंतपणे राहता आले. आधी रोगाचा बंदोबस्त आणि मग सहवास, असा तो क्रम होता.

हिंगण्याची_शेतकरीण

आमच्या शेतावर कोल्हा नवा नाही. माझ्या सासऱ्यांना सकाळी कोल्ह्याचे तोंड दिसले की दिवस चांगला जाणार म्हणून ते खूश होत. नुकसानही तो करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही: मोकळी कोंबडी नेतो, मक्याची कणसे सोलतो, टरबुजे फोडून ठेवतो आणि कधी आजारी करडू ओढतो. तरी उंदीर आणि घुशी खाणारा तो एकटाच प्राणी आमच्या बांधावर उरला आहे, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला जात नाही. कोंबड्यांचे खुराडे दिवस मावळायच्या आत बंद करायचे, जाळी खाली जमिनीत हातभर पुरायची कारण तो उकरून आत येतो, आणि नवजात करडे रात्री बंद गोठ्यात ठेवायची, एवढे पाळले तर वर्ष निभावते.

मला काळजी वाटते ती वेगळीच. रानडुकरांसाठी म्हणून काही लोक शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतात. त्या तारेला डुकरापेक्षा कोल्हे, कुत्रे आणि प्रसंगी पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसे चिकटतात. विषाचे तसेच आहे. मेलेल्या कोंबडीत विष घातले की ती कोण खाईल हे घालणाऱ्याच्या हातात राहत नाही. तुमच्या गटावर जे कोणी ‘बंदोबस्त करून टाका’ असे लिहीत असतील, त्यांना हे दोन मार्ग कोणी सुचवणार नाही याची खबरदारी घ्या.

सायंतारा

दूधभात ठेवणाऱ्यांपैकी एक मीही आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नाल्यात थेंब नसतो, आणि कूलरमधून गळलेले पाणी चाटायला ही कोल्हीण आमच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहते. तिच्या बरगड्या दिसतात. आपण तिची जागा घेतली आहे. मग तिला पाणीही द्यायचे नाही का? येथे सर्वजण नियम सांगत आहेत, पण तहानलेल्या जिवाला दारातून हाकलणे मला जमत नाही, आणि जमू नये असेच वाटते.

निवृत्त_वनपाल

सायंताराताई, आपली कणव खरी आहे आणि तिचा मी अनादर करणार नाही. नोकरीत असताना उन्हाळ्यात पाणवठे भरण्याचे काम आम्ही स्वतः केले आहे. पाणी द्यावे; फक्त ते कुठे ठेवावे याचा विचार करावा. दाराशी ठेवलेले भांडे प्राण्याला दाराशी आणते, आणि त्याच्या मागोमाग कुत्रेही येतात. नाल्याच्या पलीकडे, झुडपांच्या कडेला सिमेंटचे उथळ टाके करून ते रहिवासी मंडळाने दिवसा भरावे, आठवड्यातून एकदा घासून धुवावे, आणि रात्री तिकडे कोणी फिरकू नये. जागा वनविभागाची असेल तर आधी त्यांना विचारावे. ते बहुधा आनंदाने मदत करतात. अन्न मात्र अजिबात देऊ नये. तुम्ही दिलेला दूधभात ती खाते, पण त्याबरोबर माणसाच्या हाताला अन्नाचा वास असतो हेही शिकते, आणि पुढच्या वर्षी तिची पिल्ले तोच धडा घेऊन दुसऱ्या कोणाच्या, कदाचित घाबरट किंवा क्रूर माणसाच्या दाराशी उभी राहतात. बरगड्यांचे म्हणाल तर उन्हाळ्यात पिल्लांना पाजणारी मादी अशीच दिसते. ती उपाशी आहे असे लगेच समजू नये.

आता पिंजऱ्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कोल्हा संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, कोंडणे, मारणे किंवा पिल्लू घरी पाळणे हा गुन्हा आहे. रहिवासी मंडळाने ठराव केल्याने तो गुन्हा राहत नाही असे होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते निरुपयोगी आहे. कोल्ह्यांच्या जोडीची हद्द ठरलेली असते आणि संध्याकाळची कोल्हेकुई ही त्या हद्दीची घोषणाही असते. जोडी उचलून न्या. अन्न तेथेच राहिले तर रिकाम्या झालेल्या हद्दीत नवी जोडी येईल. दूर नेऊन सोडलेली जोडी दुसऱ्याच कोल्ह्यांच्या हद्दीत पडेल, मार खाईल किंवा परतीच्या वाटेवर रिंग रोडला गाडीखाली येईल. तिच्या अंगात रोग असेल तर तोही आपण स्वखर्चाने नव्या जागी पोचवलेला असेल.

जखमी, आजारी किंवा विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी मात्र वनविभागाला अवश्य बोलवावे. १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक त्यासाठी आहे आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला उपचारांची सोय असलेले ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पथक येईपर्यंत गर्दी करू नये. २०२१ च्या उन्हाळ्यात गायत्रीनगर, आयटी पार्क या भागात बिबट्या दिसला तेव्हा प्रत्यक्ष बिबट्यापेक्षा मोबाईल घेऊन जमणाऱ्या लोकांना आवरणे हेच मोठे काम होऊन बसले होते. कोल्हा बिबट्या नव्हे, पण कोंडीत सापडला की तोही चावतो.

आणखी एक सांगणे भाग आहे. कोल्ह्याच्या डोक्यावर शिंग असते आणि ते तिजोरीत ठेवले की भरभराट होते, या अंधश्रद्धेपायी ‘सियारसिंगी’ नावाने केसाळ गोळे विकले जातात. कोल्ह्याला शिंग नसते. जे विकतात ते कातडीचे तुकडे शिवून किंवा बांधून केलेले असते आणि त्यासाठी कोल्हे मारले जातात. तुमच्या भागात कोल्हे वस्तीजवळ धीटपणे वावरतात ही बातमी छायाचित्रे आणि ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकली तर असे लोकही ती वाचतात. कृपया ठिकाण टाकू नये.

सातबारा_वाचक

चर्चा कचऱ्याच्या बाजूने योग्य चालली आहे, पण जमिनीची बाजूही नोंदवतो. आपण ज्याला पडीत समजतो ते झुडपी जंगल हेच कोल्ह्याचे आणि खोकडाचे मूळ घर आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जंगलाचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच गणल्या पाहिजेत, असा निर्णय दिला. घनदाट झाडी नाही म्हणून ती जमीन रिकामी, हा आपल्याकडचा समज फार खोलवर गेलेला आहे. तशा एखाद्या तुकड्यावर राडारोडा टाकला जात असेल किंवा वृक्षारोपणाच्या नावाखाली बोरी, हिवर आणि गवत उपटून शोभेची झाडे लावली जात असतील, तर तेथील कोल्ह्याला बोरेही मिळणार नाहीत आणि उंदीरही. मग तो चिकनच्या दुकानाकडे जाईल नाहीतर कुठे जाईल? आपल्या नाल्याकाठचे झुडूप ‘स्वच्छता मोहिमे’त साफ होऊ न देणे, हे मला पाणवठ्याहूनही महत्त्वाचे वाटते.

दाभा_रहिवासी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व प्रतिसाद छापून मी रविवारच्या बैठकीत वाचून दाखवले, तेथे जे ठरले ते कळवतो.

चिकनच्या दुकानदाराशी आम्ही भांडायला नव्हे, तर बोलायला गेलो. त्याची अडचण अशी होती की घंटागाडी सकाळी येते आणि त्याचा कचरा रात्री दुकान बंद करताना निघतो. उन्हाळ्यात तो रात्रभर ठेवला तर दुर्गंधी सुटते. मंडळाने त्याला घट्ट झाकणाचा, साखळीने बांधता येईल असा मोठा ड्रम घेऊन दिला आहे आणि कचरा रोज उचलला जावा यासाठी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयाकडे लेखी अर्ज केला आहे. लॉनच्या व्यवस्थापकाने उरलेले अन्न मागे ओतणार नाही असे तोंडी कबूल केले आहे. लग्नसराईत त्यावर लक्ष ठेवावे लागेल. लेआउटमधील पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाच्या नोंदी गोळा करणे सुरू झाले आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या लसीकरण व नसबंदीसाठी दुसरा अर्ज दिला आहे. दूधभात बंद करून नाल्यापलीकडे पाण्याचे टाके करण्यास सायंताराताईंनी संमती दिली, इतकेच नव्हे तर ते भरण्याची जबाबदारीही घेतली.

सर्वांचे एकमत झाले असे मात्र नाही. दोन कुटुंबे अजूनही पिंजऱ्याच्या मागणीवर ठाम आहेत आणि त्यांच्या घरी तान्ही बाळे आहेत, हे मी विसरत नाही. त्यांच्या फाटकांखालच्या फटी मंडळाच्या खर्चाने पत्रा लावून आम्ही आधी बंद करून दिल्या.

एक प्रश्न उरतो. पुलियाखाली ही जोडी दिवसा बसते. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होणार आहे, तेव्हाच पुलियाच्या दोन्ही तोंडांना जाळी बसवावी, असा प्रस्ताव आहे. हे करावे का?

निवृत्त_वनपाल

घाईने करू नये. कोल्हीण सुमारे दोन महिने गाभण असते आणि आपल्याकडे बहुधा उन्हाळ्यात, अशाच पुलियाखाली, नालीच्या पाइपात किंवा काठावरच्या बिळात विते. पिल्ले पहिले काही आठवडे आतच असतात. अशा वेळी जाळी बसली तर पिल्ले आत कोंडली जातील आणि नर-मादी बाहेर राहतील; मग खरोखरच माणसाच्या अंगावर येणारा कोल्हा तुमच्या नाल्यावर तयार होईल. सफाई कामगारांना तोच पहिला चावेल, त्यांना याची कल्पना नसते.

आधी खात्री करावी. दोन्ही तोंडांपाशी चाळलेली बारीक माती किंवा राख बोटभर जाडीने पसरावी आणि सकाळी पाहावी. मोठ्या पंजांबरोबर लहान, दाटीवाटीने उमटलेले पंजे असतील, कोवळा चिवचिवाट किंवा कुईकुई ऐकू येत असेल, किंवा तोंडाशी हाडे आणि चघळलेली चप्पल पडलेली असेल, तर आत पिल्ले आहेत असे समजून त्या पुलियाला हात लावू नये आणि वनविभागाला कळवून सफाईची तारीख पुढे ढकलून घ्यावी. पिल्ले मोठी होऊन आईबापांबरोबर फिरू लागली की ती जागा आपोआप मोकळी होते.

त्यानंतरही जाळी म्हणजे बारीक लोखंडी जाळी लावू नये. पहिल्याच पावसात तीत प्लास्टिक अडकेल आणि पाणी तुमच्या गल्लीत शिरेल. चार बोटांच्या अंतराने उभ्या सळया, खालून उघडता येतील अशा बिजागरीवर बसवाव्यात. पुलिया महापालिकेची असल्यामुळे परवानगी लागेल. एका तोंडाला सळया बसवून दुसऱ्या तोंडाशी पुन्हा माती पसरावी, आणि काही रात्री सलग एकही नवा ठसा उमटला नाही तरच दुसरे तोंड बंद करावे. काठावरची बोरीची जाळी मात्र तशीच राहू द्यावी, म्हणजे त्यांना दिवसा बसायला दुसरी जागा राहील.

दाभा_रहिवासी (धागाकर्ता)

समजले. नालेसफाईच्या कंत्राटदाराला आज दुपारी भेटतो आणि माती उद्याच संध्याकाळी पसरतो. ठशांची छायाचित्रे येथे टाकेन, ठिकाणाचा उल्लेख न करता.